दुकानात अडवलेले मूल आणि कायदा



कायद्यावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक सोशीक कळा येते. ती मला येथून दिसते आहे. तेव्हा कलमांच्या अरण्यात शिरण्यापूर्वी आपण आधी एका दुकानात जाऊ.

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात भूगाव लागते. जुन्या भूगावात दुकानदार गल्ल्यामागे बसे, माल त्याच्या पाठीशी असे आणि मागितलेली वस्तू तो स्वतः काढून देई. एखाद्या पोराने बरणीतली गोळी लांबवलीच, तर ते कोणाचे पोर हे दुकानदाराला ठाऊक असे. संध्याकाळी बापाच्या कानावर गोष्ट जाई आणि निकाल घरीच लागे. आता त्या रस्त्याला उंच इमारती झाल्या, भाड्याच्या खोल्यांतून दूरदूरचे विद्यार्थी राहू लागले आणि दुकानेही बदलली. माल उघड्या फळ्यांवर असतो, गिऱ्हाइकाने तो आपल्या हाताने टोपलीत टाकायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. दारावरच्या रखवालदाराला मूल ओळखीचे नाही आणि मुलाला रखवालदार ओळखीचा नाही. ओळखीने जे काम होत असे, ते आता कायद्यावर येऊन पडले आहे. पण तो कायदा काय म्हणतो हे दोघांपैकी कोणालाच नीटसे माहीत नसते.

समजा, पंधरा वर्षांची एक मुलगी अशा दुकानातून बाहेर पडते आहे. दारातले यंत्र वाजते. रखवालदार तिला मागच्या खोलीत नेतो आणि दप्तर रिकामे करायला लावतो. आत नव्वद रुपयांची एक वस्तू सापडते. मग तिचा फोन काढून घेतला जातो, ‘मी चोरी केली’ असे तिच्याकडून कागदावर लिहून घेतले जाते, वस्तू हातात देऊन तिचे छायाचित्र काढले जाते आणि ‘दहापट पैसे भर, नाही तर पोलिसांना बोलावतो’ असे सांगितले जाते. यात दोन तास जातात. या साऱ्या प्रकारात कायद्याला धरून किती झाले?

दारात थांबवून ‘बाळ, याची पावती दाखवतेस का?’ एवढे विचारणे कायद्यात बसते. पुढच्या बहुतेक गोष्टी बसत नाहीत.

अमेरिकेतील अनेक राज्यांत दुकानदाराला संशयिताला वाजवी कारणाने, वाजवी वेळ आणि वाजवी रीतीने थांबवून ठेवण्याची खास मुभा कायद्यानेच दिलेली आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी असा वेगळा अधिकार नाही. त्याला आहे तो तुम्हा-आम्हा कोणाही नागरिकाला असतो तेवढाच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४० वे कलम सांगते की, आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणाही खाजगी इसमाला अटक करता येते. मात्र विनाकारण विलंब न लावता, आणि काही झाले तरी सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केलेच पाहिजे. जुन्या कायद्यात नुसते ‘विनाकारण विलंब न लावता’ एवढेच होते. सहा तासांची हद्द नव्याने घातली गेली.

आता ‘आपल्या समक्ष’ हे शब्द पाहा. यंत्र वाजले, किंवा कोणी तरी येऊन सांगितले, किंवा नंतर कॅमेऱ्यातील चित्रण तपासले, याला समक्ष म्हणता यायचे नाही. शिवाय जेथे वस्तू हातात घ्यायला दुकानानेच परवानगी दिलेली आहे, तेथे वस्तू उचलली म्हणजे चोरी झाली असे होत नाही. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. वस्तू लपवली वा पैसे न देता गल्ला ओलांडला, म्हणजे तो दिसू लागतो. विसराळू माणूसही कधी कधी गल्ला ओलांडतो, हे आपण सर्वच जाणतो.

आणखी एक मौज आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात असे ठरले की, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावयास लावावी. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवला गेला आहे. म्हणजे नव्वद रुपयांच्या वस्तूसाठी खाजगी अटकेचा अधिकार मुळातच उरत नाही! तथापि दुकानदार मंडळींच्या वकिलाकडेही उत्तर आहे. ज्या इमारतीत माल राखून ठेवला जातो तेथील चोरीसाठी ३०५ वे कलम वेगळे आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कोणते कलम लागेल यावर दोन्हीकडचे वकील तासभर भांडू शकतील. पण ते कोणतेही लागले तरी अटक ही पोलिसांच्या हवाली करण्यापुरतीच असते, यात फरक पडत नाही.

दुकानदाराचे नुकसान खरे असते, हे मी नाकारीत नाही. आपला माल वाचवण्याचा हक्क त्याला आहे आणि त्यासाठी आवश्यक तेवढा जोरही कायदा माफ करतो. पण वस्तू परत हाती आली की तो हक्क संपतो. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचे मैदान याच भूगावात भरले होते. पंचाची शिट्टी झाल्यावर पकड सोडावी लागते, हे येथल्या लोकांना मी सांगायला नको.

मागच्या खोलीतल्या गोष्टींचे काय? दप्तराची वा अंगाची झडती घेण्याचा अधिकार रखवालदाराला नाही. त्याचा गणवेश पोलिसासारखा दिसू नये, अशी तरतूद खाजगी सुरक्षा संस्थांसाठी केलेल्या २००५ च्या कायद्यात मुद्दाम आहे. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि सभ्यतेने घ्यावी लागते. अधिकार नसताना दार लावून बसवून ठेवणे हा कोंडून ठेवण्याचा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काही ठिकाणी ‘चोरी पकडल्यास दहापट दंड’ अशा पाट्या लावलेल्या असतात. दंड करणे हे न्यायालयाचे काम आहे, गल्ल्याचे नव्हे. वस्तूची किंमत मागणे वेगळे आणि बदनामीची भीती घालून दहापट उकळणे वेगळे. हा दुसरा रस्ता खंडणीच्या कलमाकडे जातो. आणि धाकाने लिहून घेतलेल्या कबुलीजबाबाचे न्यायालयात फारसे मोल नसते.

आमची मुलगी पंधराची आहे, म्हणून २०१५ चा बाल न्याय अधिनियम येथे लागू होतो. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर ‘बाल न्याय मंडळ’ हे नाव घरोघर पोचले आणि तीनशे शब्दांच्या निबंधावरून त्या कायद्याची थट्टाही पुष्कळ झाली. पण ज्यांच्यासाठी तो केला आहे ती मुले बहुधा अशीच, नव्वद रुपयांच्या वस्तूवाली असतात. अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांनी बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात असलाच पाहिजे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. आईबापांना ताबडतोब कळवावे लागते. केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, त्याच्याकडून कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नाही आणि मोठ्या माणसांबरोबर मिळून न केलेल्या अशा किरकोळ गुन्ह्यात गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची. ज्या दुकानाने सही घेतली, त्याने पोलिसांनाही न दिलेला अधिकार आपल्याकडे घेतला.

पुष्कळ पालकांना वाटते की पोरीचे आयुष्य आता संपले, नोकरीच्या वेळी हे निघणार. प्रकरण मिटल्यावर त्याची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करू नये, असे याच कायद्याच्या ७४ व्या कलमात लिहिलेले आहे. चौकशीतल्या मुलाची ओळख पटेल असे नाव वा चित्र प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुकानाच्या गटात ‘चोर ओळखा’ म्हणून छायाचित्र धाडणाऱ्याने हे वाचून ठेवावे.

हे सारे मी कल्पनेने रंगवतो आहे असे कोणास वाटेल. मे २०१७ मध्ये उल्हासनगरात आठ आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांनी दुकानातून चकलीचे एक पाकीट उचलले. त्यांचे केस कापले गेले, कपडे उतरवले गेले, गळ्यात चपलांची माळ घालून त्यांना फिरवले गेले आणि त्याचे चित्रण लोकांत पसरवले गेले. पोलिसांनी दुकानदाराला व त्याच्या मुलांना अटक केली. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज नसेल तर ते कृत्य गुन्हाच नव्हे, असे आपला फौजदारी कायदा १८६० पासून सांगत आला आहे. म्हणजे चकली उचलणे हा कदाचित गुन्हाही नव्हता. पुढे जे केले गेले, तो मात्र निश्चित होता.

अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला बाल न्यायाचे छत्र नाही, पण संविधानाचे आहे. अटक झाल्यास त्याला कारण सांगावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. वय अठराच्या अलीकडे की पलीकडे असा वाद पडला, तर आधी शाळेचा दाखला पाहिला जातो. तो नसल्यास नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला. म्हणून त्याची एक प्रत घरात हाताशी असू द्या.

आणि दुकानातून तुम्हाला फोन आलाच, तर पैसे घेऊन धावण्यापूर्वी एवढे सांगा की मुलाला गल्ल्याजवळ, लोकांच्या नजरेसमोर बसवा, मी येतो आहे, तोवर काही लिहून घेऊ नका. दुकानाने पोलिसांना बोलावले तर बोलावू द्या, त्यांना न बोलावता अडवून ठेवले असेल तर ११२ वर तुम्हीच बोलवा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. वकील परवडत नसल्यास अडू नका. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी १५१०० वर विचारता येते. तेथून निघण्यापूर्वी त्या दिवसाचे कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवावे, अशी लेखी मागणी दुकानाला द्या आणि प्रतीवर पोच घ्या, कारण बहुतेक यंत्रांत थोड्याच दिवसांत जुन्यावर नवे चढत जाते.