येळवशीची तारीख आणि कर्जाचा अंदाज

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याबरोबर बिदर जिल्ह्याचीही वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेले. माती तीच राहिली, पाऊस तोच, तूर आणि ज्वारी तीच, सोयरिकीही त्याच. बदललं ते सरकार. त्याबरोबर सहकारी बँक बदलली, सावकारीचा कायदा बदलला आणि कर्ज कधी माफ होणार हे ठरवणारी राजधानीही बदलली.

कर्जाचा अंदाज करणाऱ्या रीतींची तुलना करायची असेल तर या जुन्या जिल्ह्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. पुढच्या तिमाहीत लोक किती कर्ज उचलतील, किती हप्ते थकतील, हे प्रत्येक बँकेला आणि मायक्रोफायनान्स कंपनीला आधी जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी आज रीतींची रेलचेल आहे. पण कुठली रीत खरी उतरते, हे ठरवण्याआधी आकड्यांच्या त्या मालिकेत काय आहे आणि काय नाही, हे पाहावं लागतं. बिदर आणि शेजारच्या कलबुर्गीत हे पाहणंच निम्मं काम आहे.

आधी रीतींबद्दल. सगळ्यात साधी रीत म्हणजे गेल्या वर्षी याच तिमाहीत जे झालं तेच यंदा होईल असं धरणं. तिला कुणी विद्या म्हणणार नाही, पण पुढच्या सगळ्या रीतींना आधी तिला हरवावं लागतं. तिच्यावरची पायरी घातांकी सपाटीकरणाची. त्यात ताज्या आकड्यांना जास्त वजन आणि जुन्यांना उतरतं वजन असतं. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये तिच्यात कल जोडला आणि पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगाम. १९७० मध्ये बॉक्स आणि जेन्किन्स यांचं पुस्तक आलं आणि एआरआयएमए ही रीत जगभरच्या मध्यवर्ती बँकांत पोचली. तिथे आजचा आकडा कालच्या आकड्यांवर आणि कालच्या चुकांवर बेतलेला असतो. मग आली यंत्रशिक्षणाची आणि न्यूरल नेटवर्कची रीत. ती सूत्र गृहीत धरत नाही, ढीगभर आकड्यांतून स्वतःच नमुने शोधते.

या रीतींच्या उघड स्पर्धा ग्रीक संशोधक स्पायरोस माक्रिडाकिस यांनी सुरू केल्या. १९८२ च्या स्पर्धेत १००१ मालिका होत्या आणि निष्कर्ष अनेक तज्ज्ञांना रुचला नाही: गुंतागुंतीच्या रीती साध्या रीतींपेक्षा सरस ठरतातच असं नाही. २००० मध्ये ३००३ मालिकांवर तेच पुन्हा दिसलं. २०१८ च्या एम-४ स्पर्धेत मालिका एक लाख होत्या. घातांकी सपाटीकरण आणि न्यूरल नेटवर्क यांचा मिलाफ करणारी स्लावेक स्मिल यांची रीत पहिली आली, पण निव्वळ यंत्रशिक्षणावर उभ्या असलेल्या रीती मागे पडल्या. त्यानंतरच्या स्पर्धेत वॉलमार्टच्या दुकानांच्या विक्रीचे आकडे होते आणि तिथे मात्र यंत्रशिक्षण जिंकलं. एकाच दुकानसाखळीच्या हजारो वस्तूंची रोजची विक्री एकमेकींसारखी वागते, म्हणून एकीकडून शिकलेलं दुसरीला लागू पडलं.

बिदरकडे असं काय आहे? रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे तिमाहीला प्रसिद्ध करते. वीस वर्षांचे मिळून ऐंशी आकडे होतात. ऐंशी आकड्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवायला बसणं फुकट आहे. हंगामी एआरआयएमए जेमतेम उभी राहते, आणि घातांकी सपाटीकरण तिच्या बरोबरीने चालतं. देशातल्या सगळ्या जिल्ह्यांचे आकडे एकत्र घालून मॉडेल शिकवता येतं, हे खरं. पण त्या मॉडेलला जो सरासरी जिल्हा कळेल, त्याचं पोट तुरीवर चालत नसेल.

त्यातही या ऐंशी आकड्यांत निम्मं चित्र नाही. ते फक्त व्यापारी आणि ग्रामीण बँकांचे आहेत. जिल्हा सहकारी बँक आणि गावची सोसायटी त्यात नाही. बिदरसाठी ही उणीव लहान नाही, कारण तिथल्या जिल्हा सहकारी बँकेने १९९० च्या दशकापासून सोसायट्यांमार्फत बायकांचे बचत गट बांधले आणि त्या कामाचा देशभर अभ्यास झाला. मायक्रोफायनान्स कंपन्यांचे हप्तेही त्यात नाहीत, सावकार आणि अडतीवरची उचल तर नाहीच. अडत्या बियाण्याला पैसे देतो आणि तूर आल्यावर पट्टीतून कापून घेतो. हे कर्ज कुठल्याच आलेखात येत नाही, पण बँकेचा हप्ता वेळेवर गेला की थकला, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

मालिका जिथे आहे तिथेही ती सलग नाही. २००९-१० मध्ये यादगीर वेगळा जिल्हा झाला आणि गुलबर्ग्याचा आकडा खाली आला. तो कर्ज घटल्यामुळे नव्हे, हद्द बदलल्यामुळे. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, तेव्हा नावाने जुळवणाऱ्या संगणकाला एकाच्या जागी दोन जिल्हे दिसू शकतात. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. कृष्णा ग्रामीण बँक २०१३ मध्ये प्रगती कृष्णा झाली आणि पुढे तिचंही विलीनीकरण झालं. बँकवार मालिका घेणाऱ्याला या प्रत्येक ठिकाणी उडी दिसेल. देशपातळीवरही असंच आहे. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत मिसळली आणि बँकांची वैयक्तिक कर्जं एका महिन्यात फुगलेली दिसली. ती कर्जं आधीच दिलेली होती. उडीचं कारण ज्याला माहीत आहे तो ती काढून टाकतो. ज्याला माहीत नाही त्याचं मॉडेल तिलाच वाढ समजून पुढे ओढत नेतं.

यापेक्षा अवघड प्रश्न पंचांगाचा आहे, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. हंगामी रीती धरून चालतात की डिसेंबर म्हणजे डिसेंबर. बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस होते. घरं रिकामी होतात, सगळे शेतात जातात, भज्जी आणि अंबिल होते. तूर काढणीला आलेली असते, ज्वारी उभी असते. आधी खर्च, मग तुरीचे पैसे, असा क्रम असतो. २०२२ मध्ये येळवस २३ डिसेंबरला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पुढची येळवस ११ जानेवारी २०२४ ला गेली. त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ ला. म्हणजे इंग्रजी २०२३ सालात एकही येळवस नाही आणि २०२४ मध्ये दोन. २०२६ आणि २०२७ मध्ये पुन्हा तेच होणार आहे, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. "गेल्या वर्षीचा डिसेंबर" हा आधार घेणारी कुठलीही रीत, साधी असो वा एआरआयएमए, इथे चुकते.

दिवाळीचंही तसंच. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. सोनेतारण कर्ज आणि दुचाकीचं कर्ज तिच्याबरोबर सरकतं. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस हिजरी महिन्याने येतो, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. हुमनाबादजवळ माणिकनगरला दत्तजयंतीची यात्रा, गाणगापूरला दत्तभक्तांची वर्षभर गर्दी. एकाच बाजारपेठेत तीन पंचांगं चालतात. दिवाळीसारख्या सणांचे फेरफार रिझर्व्ह बँक देशपातळीवरच्या हंगामी समायोजनात धरते. येळवस मात्र देशाचा सण नाही, म्हणून ती कुठल्याच तयार यादीत नसते. ती मालिकेत हातानेच घालावी लागते. मार्गशीर्ष अमावस्येचे आधीचे आणि नंतरचे आठवडे दाखवणारा एक रकाना पुरतो. तुलनेतला सगळ्यात मोठा फरक अशा रकान्यांनीच पडेल, रीतीच्या नावाने नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा रकाना तुरीचा. गुलबर्गा तूर डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने भाव ठरत नाही. २०१५ मध्ये डाळ महागली, शेतकऱ्यांनी तूर वाढवली, २०१६-१७ मध्ये देशात विक्रमी पीक आलं आणि बाजारभाव ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. त्याच हंगामाच्या तोंडावर, ८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदी झाली. २०२४ च्या पूर्वार्धात मात्र हमीभाव ७००० असताना तूर दहा हजारांवर विकली जात होती. घरात येणारा पैसा एका पिकावर असा हेलकावतो, तेव्हा हप्त्यांच्या जुन्या आकड्यांवरून नवे काढणं म्हणजे मागे बघून गाडी चालवणं आहे. सावकार आणि अडत्या जून-जुलैचा पाऊस पाहून उचल ठरवतात. त्यांच्या व्याजाचं समर्थन होऊ शकत नाही, पण ते अंदाज पिकावरून करतात, आणि बँकेच्या रीतीने हे त्यांच्याकडून घ्यावं.

थकबाकीच्या अंदाजात आणखी एक फसवणूक असते. समजा शंभर कर्जांपैकी पाच थकली, तर प्रमाण पाच टक्के. आता आणखी शंभर नवी कर्जं दिली. त्यांचा पहिला हप्ताही आलेला नाही, पण प्रमाण अडीच टक्क्यांवर आलं. धंदा वाढत असेपर्यंत आलेख सुंदर दिसतो आणि वाढ थांबली की एकदम फुटतो. म्हणून कर्जाचं वय पाहणारी रीत हवी: एकाच तिमाहीत दिलेल्या कर्जांचा गट करून सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात त्याचं काय झालं हे पाहायचं. ग्राहककर्जाच्या बाबतीत ही साधी रीत मला कुठल्याही न्यूरल नेटवर्कपेक्षा मोलाची वाटते.

शिवाय थकीत कशाला म्हणायचं हेही एक नाही. सोनेतारण, दुचाकी किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज नव्वद दिवस थकलं की अनुत्पादक ठरतं. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर ठरतं. एकाच घरात दोन्ही कर्जं असतात. जुलैत पेरलेल्या तुरीचे पैसे फेब्रुवारीत येतात आणि मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता दर आठवड्याला किंवा महिन्याला द्यावा लागतो. मधले महिने मजुरीवर, नाहीतर दुसऱ्या कर्जावर निघतात. दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून पहिलीचा हप्ता वेळेवर गेला, तर पहिलीच्या मॉडेलला हे घर उत्तम दिसतं.

आता सीमेकडे. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारने मायक्रोफायनान्सवर अध्यादेश आणला आणि तिथली वसुली कोलमडली. जहिराबाद त्या कायद्याखाली होतं, शेजारचं हुमनाबाद नव्हतं. १२ फेब्रुवारी २०२५ ला कर्नाटकात जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश निघाला. आता हुमनाबाद कायद्याखाली आलं, उदगीर नाही. कर्जमाफीचंही तसंच: महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९, कर्नाटकात २०१७ आणि २०१८, तेलंगणात २०१४ आणि २०२४. निवडणूक जवळ आली की माफीच्या आशेने भरणा आधीच थांबतो, त्यामुळे निर्णयाची तारीखही पुरेशी नसते. कालच्या आकड्यांवरून उद्या सांगणारी कुठलीही रीत हे सांगू शकत नाही. पण तिन्ही बाजूंचे आलेख शेजारी ठेवले तर पाऊस आणि भाव यांचा भाग सगळीकडे सारखा निघतो आणि उरतो तो बराचसा कायद्याचा परिणाम. १९५६ च्या रेषेने लोकांना पुष्कळ त्रास दिला. या एका कामात ती उपयोगाची आहे.

रीतींची तुलना चुकीच्या मोजमापाने होते. सरासरी चूक किती टक्के, एवढंच पाहतात. थकबाकी कमी येईल असा चुकीचा अंदाज निघाला तर कंपनी जास्त कर्ज वाटते आणि एक बाई चार ठिकाणच्या हप्त्यांत अडकते. थकबाकी जास्त येईल असा चुकीचा अंदाज निघाला तर पूर्ण गाव "निगेटिव्ह एरिया", म्हणजे कर्ज न देण्याची जागा, ठरतं, आणि ज्यांनी एकही हप्ता चुकवला नाही तेही सावकाराच्या दारात जातात. टक्केवारीत या दोन चुका सारख्याच दिसतात. त्यांची किंमत कर्जदार वेगवेगळी मोजतो, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. २०२२ पासून मायक्रोफायनान्सच्या घरांवर हप्त्यांचा बोजा उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उत्पन्न वर्षाचं धरून बाराने भागलं तर तुरीच्या घराला हा नियम कागदावरच पाळला जातो. महिनावार उत्पन्नाचा अंदाज केला तर ऑगस्टमध्ये निम्म्याच्या पुढे गेलेली घरं दिसतील.

हे काम करण्यासारखं आहे आणि करण्याची जागाही आहे. कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आळंद तालुक्यात, कडगंचीला आहे. सीमेलगतच्या आळंदच्या गावांत मराठी, कन्नड, दख्खनी तिन्ही बोलल्या जातात. लातूर, बिदर, कलबुर्गी आणि तेलंगणाच्या बाजूला संगारेड्डी, या चार जिल्ह्यांच्या तिमाही मालिका घ्याव्यात. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून (आजचं धाराशिव) आणि संगारेड्डी २०१६ मध्ये मेदकातून निघाला, तिथले सांधे आधी जुळवावे लागतील. मग येळवस, दिवाळी, जूनचा पाऊस, तुरीचा भाव आणि कायद्याच्या तारखा यांचे रकाने जोडावेत. गेल्या वर्षीचीच तिमाही, घातांकी सपाटीकरण, एआरआयएमए आणि सगळ्यांची सरासरी, एवढ्या चार रीती पुरेत. प्रत्येक तिमाहीच्या जागी उभं राहून, त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच पुढच्या चार तिमाही सांगायच्या आणि मागून आलेल्या आकड्यांशी ताडून पाहायच्या. जिल्हा सहकारी बँकांनी सोसायट्यांचे महिनावार आकडे नावं काढून दिले, तर उदगीरची आणि औरादची सोसायटी पहिल्यांदाच एका तक्त्यात येतील.