विश्लेषण : वर्षभर परदेशात नोकरी, मग विवरणपत्र कुठे भरायचे? परतावा कुणाकडून मागायचा?

लालबाग-परळच्या चाळींत एकेकाळी एक भाऊ गिरणीत तर दुसरा बोटीवर, अशी घरे सापडत. आज त्याच जागांवरच्या टॉवरमध्ये कुणाचा मुलगा दुबईत एसी टेक्निशियन आहे, तर कुणाची सून कंपनीच्या प्रकल्पासाठी वर्षभर लंडनला गेली आहे. गिरगाव-दादरमधून जहाजावर जाणारेही आहेतच. यातले बहुतेक कायमचे जात नाहीत. वर्ष-दोन वर्षे कमावून परत येतात आणि जुलै उजाडला की एकच प्रश्न पडतो : कर तिकडे कापला, इकडेही टीडीएस दिसतो, मग विवरणपत्र नेमके कुठे भरायचे आणि जास्तीचे पैसे परत कोण देणार?

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र भरण्याची पगारदारांची मुदत ३१ जुलै २०२६ आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी या वर्षाचे विवरणपत्र जुन्या, १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचे आहे. त्यामुळे खाली दिलेले कलमांचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत.

अनिवासी कोण ठरतो?

पासपोर्ट, व्हिसा किंवा बँकेतल्या एनआरआय खात्यावरून हे ठरत नाही. ते ठरते भारतात काढलेल्या दिवसांवरून. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी. १ एप्रिलपासून मोजले तर २८ सप्टेंबरला विमानात बसणाऱ्याचे १८१ दिवस भरतात आणि तो अनिवासी ठरतो. २९ तारखेला निघणारा निवासी. एका दिवसाने वर्षभराच्या कराचे गणित बदलते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडर बघावे हे उत्तम. दुर्दैवाने कंपन्या तारीख ठरवताना हे कर्मचाऱ्याला क्वचितच सांगतात.

अनिवासी असलेल्याला भारतात फक्त भारतातले उत्पन्न दाखवावे लागते. निवासी असलेल्याला जगभरातले.

‘एकच वर्ष गेलो होतो’ यात गोची कुठे?

समजा, दादरची एक अभियंता १० सप्टेंबर २०२५ ला लंडनला गेली आणि बरोबर वर्षाने, १० सप्टेंबर २०२६ ला परतली. तिच्या दृष्टीने हे एक वर्ष. आयकराच्या दृष्टीने मात्र दोन. २०२५-२६ मध्ये ती भारतात १६३ दिवस होती, म्हणून अनिवासी. २०२६-२७ मध्ये परतल्यापासून मार्चअखेरपर्यंत २०३ दिवस भरतील, म्हणून निवासी. मग एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये लंडनला मिळालेला पगारही भारताच्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. परतणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीतच नसते. ‘तिकडे कर भरला, विषय संपला’ असे समजून ते मोकळे होतात.

त्या पगारावर दोनदा पूर्ण कर भरावा लागतो, असेही नाही. भारत-ब्रिटन दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मिळते. पण त्यासाठी ‘फॉर्म ६७’ ऑनलाइन भरावा लागतो आणि पगाराच्या पावत्या, तिकडच्या मालकाने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र असे पुरावे जोडावे लागतात. वजावट मिळते ती तिकडचा कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, यांपैकी जो कमी असेल तेवढीच.

तिकडचा परतावा कसा तयार होतो?

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. तिथे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असते आणि मालक पगारातून कर कापताना ही सवलत बारा महिन्यांत वाटून देतो. महिना ३,००० पौंड पगार असेल तर दरमहा साधारण ३९० पौंड कर कापला जातो. वर उल्लेख केलेल्या अभियंतेने नव्या करवर्षात पाचच महिने काम केले, तर मिळकत १५,००० पौंड आणि कापलेला कर सुमारे १,९५० पौंड. मात्र ती तिथली करनिवासी असेल, तर सवलत पूर्ण वर्षाची मिळते. म्हणजे कर फक्त २,४३० पौंडांवर, २० टक्क्यांनी ४८६ पौंड. उरलेले सुमारे १,४६० पौंड तिचे आहेत. मागितले नाहीत तर ते ब्रिटिश सरकारकडेच राहतात.

त्यासाठी नोकरी सोडताना मालकाकडून ‘पी४५’ घ्यायचा आणि एचएमआरसी या तिथल्या करखात्याकडे ‘पी८५’ हा देश सोडल्याचा अर्ज भरायचा. अर्जाला फी नाही. करवर्ष संपल्यापासून चार वर्षांत मागणी करता येते. म्हणजे ५ एप्रिल २०२६ ला संपलेल्या वर्षासाठी ५ एप्रिल २०३० पर्यंत. एक व्यवहारी सूचना : परतावा हाती येईपर्यंत तिकडचे बँक खाते बंद करू नका. पौंडातला धनादेश मुंबईत वटवणे डोकेदुखीचे काम आहे.

मात्र हा परतावा म्हणजे निव्वळ कमाई नव्हे. तिकडून १,४६० पौंड परत मिळाले, तर भारतात वजावट ४८६ पौंडांचीच घेता येते. आधी १,९५० पौंडांची वजावट घेऊन नंतर गुपचूप परतावाही घेतला, तर तो खोटा दावा होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यामुळे जर्मन शिकणाऱ्या परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन यांच्या घरांतही हा विषय येणार. तिथे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि स्वेच्छेने विवरणपत्र भरून परतावा मागायला चार वर्षे मिळतात. वर्षाच्या मधेच नोकरी सुरू झाली किंवा संपली, की परतावा निघण्याची शक्यता चांगली असते.

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर काम केलेल्यांनी ‘सुपर’ म्हणजे निवृत्ती निधी विसरू नये. व्हिसा संपून देश सोडल्यावर कर कापून ती रक्कम मिळते. सहा महिन्यांत मागितली नाही तर फंड ती तिथल्या करखात्याकडे पाठवतो. नंतर तिथूनही मागता येते. अमेरिकेत मात्र पगारातून कापलेली सोशल सिक्युरिटीची रक्कम अशी परत मिळत नाही. त्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही.

आखाती देशांत कर नाही, मग विवरणपत्र कशाला?

इथे परताव्याचा प्रश्न भारतातच उभा राहतो. समजा, लालबागच्या पुनर्विकसित इमारतीतला फ्लॅट महिना २५,००० रुपयांनी भाड्याने देऊन मालक दुबईला गेला. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने कलम १९५ प्रमाणे ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. निवासी मालकांसाठी असलेली महिना ५०,००० रुपयांची मर्यादा इथे लागू नाही. वर्षाचे भाडे तीन लाख, टीडीएस ९३,६०० रुपये. घरभाड्यावरची ३० टक्के सरसकट वजावट जाऊन करपात्र उत्पन्न उरते २ लाख १० हजार. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे दुसरे उत्पन्न नसेल, तर पूर्ण ९३,६०० रुपये परत मिळायला हवेत. पण विवरणपत्र भरले तरच! आणि भाडेकरूने ती रक्कम मालकाच्या पॅनवर भरून त्याचे विवरण दाखल केले असेल तर. ‘फॉर्म २६एएस’मध्ये नोंद दिसते का, हे आधी तपासा.

एनआरओ मुदत ठेवीच्या व्याजावरही बँक याच दराने कर कापते. ८०,००० रुपये व्याजावर २४,९६० रुपये. एनआरई खात्यातले व्याज मात्र करमुक्त असते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही घोषणा निवासी व्यक्तींसाठीच्या कलम ८७ए च्या सवलतीची आहे. अनिवासी व्यक्तीला ती सवलत नाही. तिला करमुक्त मर्यादा चार लाखांचीच.

जहाजावरच्यांचे दिवस कसे मोजतात?

नियम १२६ प्रमाणे, परदेशी बंदरांना जाणाऱ्या जहाजावरचे दिवस सीडीसीतल्या साइन-ऑनपासून साइन-ऑफपर्यंत भारताबाहेरचे धरले जातात. मुंबई ते कांडला अशा किनारी फेऱ्यांना हे लागू नाही, त्यामुळे किनारी जहाजावर महिने काढणाऱ्यांचे गणित चुकते. अनिवासी ठरलेल्या खलाशाचा पगार एनआरई खात्यात आला, तरी केवळ त्या कारणाने तो भारतात करपात्र होत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. वर्ष अखेरीस किती दिवस भरतील हे आधी माहीत नसल्याने कंपनीने टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. सीडीसीच्या पानांच्या प्रती जपून ठेवा. नोटीस आली की पहिली मागणी त्यांचीच होते.

कंपनीच्या कामावर परदेशी गेलेल्यांना असे परिपत्रक नाही. अनिवासी असूनही भारतीय कंपनीने पगार थेट मुंबईच्या खात्यात जमा केला, तर ‘भारतात मिळालेले उत्पन्न’ म्हणून खाते कर मागू शकते. या मुद्द्यावर आयकर न्यायाधिकरणांचे निकाल एकसारखे नाहीत. करारानुसार सूट मागायची असेल तर तिकडच्या सरकारचे करनिवासी प्रमाणपत्र लागते, आणि ते देश सोडण्यापूर्वी मागणे सोपे.

परतावा अडकतो कुठे?

बहुतेक वेळा किरकोळ गोष्टींत. अनिवासी व्यक्तीला आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो. चुकीचा फॉर्म भरला की सदोष विवरणपत्राची नोटीस येते. परताव्याचे बँक खाते पोर्टलवर आधी पडताळलेले हवे. खाते एनआरओ करून घेतले आणि पोर्टलवर जुनीच माहिती राहिली, की पैसे परत फिरतात. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण पोर्टलवर आपला दर्जा बदलला नसेल तर पॅन निष्क्रिय होऊ शकते. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही नाही.

पूर्वी लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये खेटे घालून काम होई. आता विवरणपत्रावर प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते. मुदतीत भरलेल्या विवरणपत्राच्या परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. मात्र परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर नाही. मुदत हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते. तीही हुकली, तर विलंब माफ करण्यासाठी आयकर आयुक्तांकडे अर्ज करता येतो; त्याला कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे.

‘परताव्याच्या १० टक्के द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढणाऱ्यांवर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली होती. सही आणि ओटीपी तुमचा असतो, त्यामुळे नोटीसही तुमच्याच नावाने येते.

परतलेल्यांसाठी आणखी एक. निवासी झाल्यावर लंडनचे बँक खाते, तिकडचे शेअर, पेन्शन फंड हे सगळे विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागते, खात्यात दहा पौंड उरले असले तरी. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे. नोंद करण्यापासून मात्र सूट नाही. आणि या तक्त्यात माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, तर जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाची द्यायची असते.