काना अक्षर नव्हे काय?

जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेल्या 'मार्कडाऊन' पद्धतीत शब्दाच्या मागेपुढे अधोरेषा (_) दिली, की संगणक तो शब्द तिरप्या ठशात दाखवतो. पण फाईलच्या नावातही शब्द जोडायला अधोरेषा वापरतात. म्हणून प्रोग्रामात नियम घालतात: अधोरेषेच्या दोन्ही बाजूंना अक्षर असेल, तर तिला हात लावू नये.

आता नाशिकचीच दोन नावे अशा प्रोग्रामाला देऊ. 'नाशिक_शहर_नकाशा' जसेच्या तसे राहते. पण 'द्वारका_रस्ता_नकाशा' यातला 'रस्ता' तिरपा होऊन अधोरेषा नाहीशा होतात! असे का व्हावे?

युनिकोडमध्ये 'द्वारका' हा शब्द सात चिन्हांचा आहे: द, हलन्त, व, काना, र, क, काना. यांपैकी चारच 'अक्षर' गटात येतात. हलन्त आणि काने 'जोडचिन्ह' या निराळ्या गटात. 'नाशिक' व 'शहर' यांच्या शेवटी अक्षर आहे, तर 'द्वारका' व 'रस्ता' यांच्या शेवटी काना. केवळ अक्षर-गट ओळखणाऱ्या प्रोग्रामाला तेथे अक्षर दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. नियमात अक्षरांबरोबर जोडचिन्हेही धरायची. मग ही दोन्ही नावे आणि खरोखरच तिरपा हवा असलेला एखादा शब्द पुन्हा तपासून पाहायचा. नुसत्या इंग्रजी नावांवर चाचणी घेतली असती, तर हा दोष कधीच सापडला नसता.