थंडीत जंगलात जाताना बॅगेत काय घ्याल? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि दम्याच्या रुग्णांसाठी

सोलापुरातून काश्मीरला जाणारी बहुतेक कुटुंबे एप्रिल-मेमध्ये, इथल्या उन्हाला कंटाळून जातात. वन्यजीवांची आवड असलेली मंडळी मात्र मुद्दाम थंडीत निघतात आणि त्याचे कारण असते हंगूल. श्रीनगरपासून सुमारे २२ किलोमीटरवर असलेल्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात हे काश्मिरी हरीण राहते. वरच्या डोंगरात बर्फ साचले की ते खालच्या दरीत उतरते, म्हणून हिवाळ्यात दिसण्याची शक्यता वाढते. एकेकाळी हे महाराजांचे शिकारीचे रान होते. आता शिकार हा गुन्हा आहे. वन्यजीव विभागाची परवानगी काढून, वाटाड्याबरोबर, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन जायचे असते.

नान्नजच्या माळरानावर काळवीट पाहायला तुम्ही कधी पहाटे गेला असाल. तिथे एक स्वेटर आणि कानटोपी पुरते, आणि नऊ वाजता तीही काढून ठेवावी लागते. दाचीगामची थंडी या मापाने मोजू नका. २१ डिसेंबरपासून पुढचे ४० दिवस काश्मीरमध्ये 'चिल्लई कलान' म्हणतात. या काळात रात्रीचा पारा शून्याखाली राहतो आणि सकाळी जंगलात निघता तेव्हाही फारसा चढलेला नसतो. तब्येत ठणठणीत असलेला माणूस थोडे कुडकुडून निभावून नेतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल, तर बॅग भरतानाच विचार करावा लागतो.

त्रास चालताना नाही, बसल्यावर होतो

प्राणी पाहायला गेलेला माणूस आधी अर्धा-पाऊण तास चढ चढतो आणि मग तासभर हालचाल न करता बसतो. चालताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, त्यामुळे अंगात सगळे कपडे असतील तर घाम येतो. बसल्यावर ही उष्णता एकदम कमी होते, पण ओला बनियन अंगालाच चिकटलेला असतो. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. दहा मिनिटांपूर्वी घामाघूम झालेला माणूस दात वाजवू लागतो तो यामुळेच.

म्हणून कपडे दोन वेळांसाठी वेगवेगळे धरा. चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे, इतकेच अंगात ठेवा. जाड जॅकेट पाठीवरच्या पिशवीत राहू द्या आणि बसल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न पाहता, चढवा. एक कोरडा बनियन आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत जवळ असावा.

अंगाला लागून लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा व बर्फ अडवणारे जॅकेट, असा क्रम ठेवा. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. आपल्या सोलापुरी चादरीबद्दलही हेच सांगायला हवे. घरात पांघरायला तिच्यासारखे दुसरे काही नाही, पण ती सुती आहे. बर्फात भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि ऊब देत नाही. ती हॉटेलच्या खोलीत ठेवा. जंगलात बसायला जाड फोमची चटई न्या, कारण गोठलेली जमीन बसल्या जागेवरून उष्णता खेचते.

मधुमेह असेल तर आधी पायांकडे पाहा

अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या नसा मंदावलेल्या असतात. बूट चावला किंवा बोटे गोठू लागली, तरी त्यांना कळत नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर छोटी जखम भरायला महिने लागतात. तळपाय बधिर असतील, मुंग्या येत असतील किंवा पूर्वी पायाला जखम झाली असेल, तर तिकिटे काढण्याआधी पायांची तपासणी करून घ्या.

बूट नवेकोरे घालून निघू नका. किमान दोन-तीन आठवडे इथेच रोज वापरा. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि प्रवासात घालणार असलेले लोकरी मोजे घालूनच माप बघा. आत बोटे मोकळी हलली पाहिजेत. ऊब मिळावी म्हणून घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले जातात. त्याने रक्तप्रवाह दबतो आणि पाय आणखी गार पडतात. रोज रात्री घरातल्या कुणीतरी, रुग्णाने एकट्याने नव्हे, उजेडात दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांसकट तपासावेत.

औषधे अंगावर, बॅगेत नाही

इन्सुलिन उष्णतेने खराब होते हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. ते गोठल्यानेही निकामी होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले, दिसायला ठीक वाटले, तरी ते टाकून द्या. पेन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, पण थेट त्वचेला लावून नको. विमानात ते हातातल्या बॅगेत न्या, खाली जाणाऱ्या सामानात देऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

ग्लुकोमीटरही थंडीत चूक दाखवतो किंवा चालतच नाही. तो आतल्या खिशात ठेवा आणि तपासण्याआधी हात गरम करून घ्या. दम्याचा पंप गार पडला तर फवारा नीट येत नाही, म्हणून त्याचीही जागा तीच. थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, तेव्हा नाकातोंडावर मफलर हवा. हृदयविकार असलेल्यांनी छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हाताशी ठेवावी. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो आणि त्यात चढ आला की हृदयावर दुहेरी ताण पडतो. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्यांनी हातपाय जास्त गार पडू शकतात. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, हातमोजे चांगले घ्या.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर न्या, ती टिकते आणि ऊर्जा देते. पण साखर अचानक कमी झाली तर चटणीचा उपयोग नाही. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांच्या खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर हवीच. थंडीत तहान कमी लागते, म्हणून थर्मासमधले कोमट पाणी ठरवून पीत राहा. दारूने अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण त्वचेकडे रक्त धावून उष्णता बाहेर जाते. मधुमेहात साखरही घसरू शकते.

कांगडी आणि शेगडी

काश्मिरी लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. पाहुणा म्हणून तुमच्याही हातात कुणी देईल. पाय बधिर असलेल्या रुग्णाने ती पायांजवळ घेऊ नये, भाजलेले कळणार नाही. गरम पाण्याची पिशवीही तशीच. वर्षानुवर्षे कांगडी वापरणाऱ्यांमध्ये मांड्या आणि पोटाच्या त्वचेचा कर्करोग होतो, त्याला 'कांगडी कॅन्सर' असेच नाव आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

बंद खोलीतल्या शेगडीची मात्र घ्या. कोळसा, लाकूड किंवा गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. झोपण्याआधी शेगडी विझवा, खिडकी थोडी उघडी ठेवा. सकाळी एकाच खोलीतल्या सर्वांचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि रुग्णालय गाठा.

सोबतच्याने काय ओळखायचे?

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की थरथर, अडखळते बोलणे, हातातून वस्तू पडणे, चिडचिड आणि गुंगी दिसते. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो सुधारलेला नाही, बिघडलेला आहे. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की साखर कमी झाल्यावरही जवळजवळ हीच लक्षणे दिसतात. मधुमेही व्यक्ती अशी वागू लागली तर लगेच साखर तपासा. तपासता आली नाही, पण ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोके झाका, वाऱ्यापासून आडोशाला न्या आणि मदत बोलवा.

बोटे पांढरी, कडक आणि बधिर झाली तर ती चोळू नका, बर्फ लावू नका, आगीजवळ धरू नका. निवाऱ्यात पोहोचल्यावर, पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. पाणी निरोगी माणसाने कोपराने तपासावे. त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

मदत बोलवायची तर फोन लागला पाहिजे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून कुटुंबातल्या किमान एकाकडे पोस्टपेड क्रमांक हवा. आजार, चालू औषधे आणि त्यांचे डोस लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात ठेवा आणि वाटाड्याला निघण्याआधीच आजाराची कल्पना द्या.

दाचीगामचा खालचा भाग १,७०० मीटरच्या आसपास आहे, तिथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्याच सहलीत गुलमर्गचा गोंडोला जोडणार असाल तर गोष्ट वेगळी. त्याचा वरचा टप्पा ३,९०० मीटरच्या पुढे जातो. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा दमा आटोक्यात नसेल, तर ही सहल पुढच्या वर्षावर टाका. परत आल्यावर पायाला फोड, काळा डाग किंवा न जाणारा बधिरपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.