बोटाला कळलं पाहिजे

२००४ सालच्या लोकसभा निवडणुकीत माझी ड्यूटी भोकरदन तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली होती. मी तेव्हा आयटीआयमध्ये आरेखक यांत्रिकी या ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. चौथीच्या वर्गात फळ्याखाली टेबल मांडलेलं. माझ्यापुढे कंट्रोल युनिट, आणि त्यातून निघालेली वायर पुठ्ठ्याच्या आडोशामागच्या मतदान यंत्राकडे गेलेली.

दुपारच्या उन्हात एक आजी आल्या. आयुष्यभर फुलीचा शिक्का मारलेला, यंत्र पहिल्यांदाच पाहत होत्या. शाई लावून घेतली, आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ काही आवाज येईना. आत जाऊन दाखवायची आम्हाला मुभा नव्हती. मग एकदम तो लांब ‘पींऽऽ’ झाला आणि आजी बाहेर आल्या. “वाजलं रे बाबा,” म्हणाल्या. झालं का, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. झालंय हे त्यांना कळलेलं होतं.

त्या दिवशी मी तो आवाज काही शे वेळा ऐकला. संध्याकाळी पेट्या सील करताना त्या पेटीकडे नीट पाहिलं, धंद्याच्या सवयीने. यंत्रावर सोळा ओळी. प्रत्येक ओळीत नाव, चिन्ह, एक छोटा लाल दिवा आणि एक निळं बटण. मतदाराला करायचं काम एकच, म्हणून त्याच्यासमोर बटणांचा प्रकारही एकच. मोजणीची, बंद करायची, पुसून टाकायची बटणं वेगळ्या पेटीत, वेगळ्या झाकणाखाली, आणि ती पेटी मतदाराच्या हाती लागतच नाही. एकदा बटण दाबलं की पुढच्या मतासाठी मी परवानगी देईपर्यंत दुसरं काही दाबून उपयोग नाही. वीज बॅटरीची, त्यामुळे गावात लाइट असो-नसो, फरक पडत नाही. या यंत्रावरून देशात जे वाद झाले त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मी लिहितो आहे पेटीच्या बाहेरच्या रूपाबद्दल, ज्याला इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात.

ते रूप कुणी घडवलं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आहे. तिथले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी. आपल्या देशात सर्वांत जास्त हातांनी दाबलेल्या बटणांपैकी ते एक बटण, आणि ज्यांनी ते तिथे ठेवलं त्यांची नावं शंभरात एकालाही माहीत नसतील. मला याचं वाईट वाटतं, म्हणून आधी नावं लिहिली.

हे सेंटर १९६९ साली सुधाकर नाडकर्णी यांनी उभं केलं. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले नाडकर्णी पुढे जर्मनीतल्या उल्म गावच्या डिझाइन शाळेत गेले. १९५३ ते १९६८ अशी जेमतेम पंधरा वर्षं ही शाळा चालली, पण वस्तू कशी असावी याबद्दल जगाचा विचार तिने बदलला. वस्तू ही नक्षी करायची जागा नाही, कुणाच्या तरी कामाला येणारं साधन आहे, म्हणून आधी ते काम नीट पाहा, असा तिथला पाठ. तिथे हान्स गुगेलो शिकवत. त्यांनी आणि ब्राउन कंपनीतल्या दीटर राम्स या तरुणाने मिळून १९५६ साली रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं एक यंत्र केलं. आज साधेपणाचा विषय निघाला की त्या यंत्राचं नाव निघतंच.

तेव्हाचे रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातली कपाटं असत. पॉलिश केलेलं लाकूड, जाळीचं कापड, सोनेरी पट्ट्या. राम्स आणि गुगेलो यांनी पांढऱ्या पत्र्याची पेटी घेतली, दोन्ही बाजूंना लाकडाच्या साध्या फळ्या लावल्या आणि कळा वर, समोर दिसतील अशा मांडल्या. झाकण आधी पत्र्याचं करायचं होतं, पण रेकॉर्ड लागली की पत्रा थरथरायचा. म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण केलं. लोकांनी त्याला ‘हिमगौरीची शवपेटी’ असं नाव ठेवलं. पुढे जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरवर तसलंच झाकण आलं. मला यातली गोष्ट भावते ती अशी की झाकण पारदर्शक झालं ते दिसण्यासाठी नाही, कानाला त्रास झाला म्हणून.

राम्स यांचा जन्म १९३२ चा, आणि त्यांचे आजोबा सुतार होते. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ नुसता बसलो. कारण माझेही आजोबा सुतार होते.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. गावचं सुतारकाम आमच्याकडे. नेटाचं काम मृगाच्या आधी, तिफणींचं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. तिफण म्हणजे पेरणीचं अवजार. बाभळीच्या आडव्या लाकडात तीन फण ठोकलेले, प्रत्येक फणाच्या मागे बांबूचा एक नळा, आणि तीन नळे वर एका लाकडी वाटीत येऊन मिळतात. ती वाटी म्हणजे चाडं. बैल पुढे, रुमण्यावर हात ठेवून गडी बाजूला, आणि मागून बाई चालते, कमरेला बियाण्याची ओटी बांधून. मूठ चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटीतून बी सोडायचं. तीन नळ्यांत सारखं पडलं तर तीन ओळी सारख्या उगवतात. एक ओळ विरळ निघाली तर वर्षभर ती शेतात दिसत राहते, आणि कुणाची मूठ होती ते गावाला ठाऊक असतं.

आबा चाडं एका लाकडातून कोरत. तळाला तीन भोकं, आणि मधोमध बोटाच्या पेरापेक्षाही कमी असा उंचवटा. त्यावर पडलेलं बी आपोआप तिन्हीकडे घरंगळायचं. बाहेरून चाड्यावर एक रेघही नसे. मी सातवीत असताना विचारलं होतं, “आबा, याच्यावर वेल काढू का?” आबा म्हणाले, “आतून हात फिरव.” मी फिरवला. आत इतकं गुळगुळीत होतं की कुठे बी अडकायला जागाच नव्हती. त्यांची सगळी मेहनत आतल्या अंगाला होती. नळे सुतळीने बांधलेले, म्हणजे शेताच्या मधोमध नळा फुटला तरी बांधावर बसून दुसरा लावता यावा. आणि बी नळ्यातून उतरताना बारीक खळखळ होते. ती थांबली की बाई बैल थांबवायला सांगते. पाठीमागे वळून बघावं लागत नाही.

मला वाटतं, साधेपणाचं सगळं मर्म या चाड्यात आहे. मिनिमलिझमला मराठीत जड जड प्रतिशब्द सुचवले गेले आहेत, पण आमच्याकडे शब्द आधीपासून आहे: सुटसुटीत. अंगाशी न घोटाळणारं, हाताला आणि मनाला मोकळं ठेवणारं. सुटसुटीत लुगडं नेसलेली बाई रानात दिवसभर काम करू शकते. वस्तूचंही तेच.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं. त्यांनी जो अहवाल दिला त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत सुंदर कोणती वाटली असेल? लोटा. आपला तांब्या. तो आज नव्याने करायचा ठरवला तर किती प्रश्न विचारावे लागतील याची त्यांनी यादीच केली: पाणी किती मावावं, हात केवढा, कडेवर घ्यायचा की डोक्यावर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, जमिनीवर ठेवला की आवाज कसा येईल. आवाजसुद्धा! आणि मग त्यांनी म्हटलं की हा कुणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यांनी घडवला आहे. मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात पितळी तांब्या घेऊन जायचो आणि मुलांना डोळे मिटून तो हातात धरायला सांगायचो. चार बोटं गळ्याखाली आपोआप जातात. मग म्हणायचो, आता याचं ड्रॉइंग काढा. तो गळ्याचा बाक काढताना भल्याभल्यांची पेन्सिल अडायची.

राम्स १९६१ पासून १९९५ पर्यंत ब्राउनच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. चांगलं डिझाइन कसं असतं याची दहा सूत्रं त्यांनी मांडली. वस्तू उपयोगी हवी, स्वतःहून समजणारी हवी, प्रामाणिक हवी, टिकाऊ हवी, आणि शेवटचं सूत्र असं की डिझाइन शक्य तितकं कमी हवं. हे शेवटचं सूत्र सगळ्यांनी उचललं आणि आधीची नऊ पुष्कळांनी सोडून दिली. आजच्या बाजारातलं दुखणं तिथे आहे.

आमच्या जिल्ह्याला कळेल असं उदाहरण देतो. जालना मोसंबीचा जिल्हा. १९७२ साली राम्स आणि युर्गेन ग्रोइबेल यांनी ब्राउनसाठी रस काढायचं यंत्र केलं. त्याला बटण शोधायचं कारण नाही. अर्धं फळ शंकूवर दाबलं की मोटर फिरते, हात उचलला की थांबते. फळ दाबायचं तर आहेच, मग तेच बटण. इंग्लंडमधल्या एका घरात हे यंत्र होतं, आणि त्या घरातला मुलगा पुढे ॲपलचा मुख्य डिझाइनर झाला. जोनाथन आइव्ह. त्या यंत्राचा लहानपणीचा ठसा त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. २००१ चा आयपॉड राम्स यांच्या १९५८ च्या खिशातल्या रेडिओशेजारी ठेवून पाहिला की नातं दिसतं. पहिल्या आयफोनमधला कॅल्क्युलेटर तर ब्राउनच्या कॅल्क्युलेटरवरून सरळ घेतला होता. पण एक गोष्ट काचेवर उतरली नाही. राम्स आणि दीट्रिश लुब्स यांनी त्या कॅल्क्युलेटरची बटणं गोल आणि वर फुगीर केली होती, बोटाला न बघता आकडा सापडावा म्हणून. मोंढ्यात कापसाचा हिशेब करणारा मुनीम एक नजर पावतीवर ठेवून आकडे मारतो तो याच बळावर. काचेवर बटणाचं चित्र आहे, फुगीरपणा नाही.

तीन वर्षांपूर्वी मी घरी इंडक्शन शेगडी आणली. काळी काच, एकही बटण वर नाही, दुकानात फार देखणी दिसली. बायको भाकरी करते. पिठाच्या बोटाला ती काच दाद देत नाही, आणि दुधाचा ओघळ आला तर मात्र दाद देते. दूध उतू जात असताना ती शेगडी बंद करायला पदराने आधी काच पुसायची, मग बोट पुसायचं, मग दाबायचं. बायकोने महिनाभर सोसलं आणि गॅसच्या शेगडीकडे परत गेली. गॅसच्या खटक्यावर नुसती मूठ ठेवली तरी ज्योत मोठी की बारीक ते कळतं. त्या काळ्या काचेला मी साधी म्हणणार नाही. ज्याने ती केली त्याने स्वयंपाकघरातला ओला हात पाहिलाच नव्हता. दृष्टीआड करणं आणि कमी करणं यात फरक आहे. आबांनी चाड्यावरची नक्षी कमी केली, पण बाईच्या बोटांतली एकही गोष्ट कमी केली नाही.

उलट बाजूला विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर घ्या. कुणी त्याला सुंदर म्हणणार नाही. पत्र्याची करडी पेटी, हिरवं बटण आत बसलेलं, लाल बटण बाहेर आलेलं. आमच्याकडे शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीच येते. माणूस अंधारात, ओल्या पायाने, एका हातात बॅटरी धरून तिथे जातो. चालू करायचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून खोल, आणि बंद करायचं घाईत तळहातानेही दाबता यावं म्हणून वर. अंधारात रंग दिसत नाहीत, बोटाला उंचसखल कळतं. राम्स जालन्याला आले असते तर मी त्यांना ती पेटी दाखवायला मळ्यात नेलं असतं.

ए. जी. राव यांच्याबद्दल आणखी एक. मतदान यंत्राची पेटी करणारे हे गृहस्थ बांबूच्या कामासाठीही ओळखले जातात. पवईच्या त्या सेंटरमध्ये त्यांनी बांबूवर आणि बांबूच्या कारागिरांसोबत पुष्कळ काम केलं. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ज्या हाताला बांबूची गाठ कुठे छिलायची ते समजतं, त्याला निळं बटण किती वर ठेवायचं तेही समजणार.

आता गावात पेरणी ट्रॅक्टरवर होते. पेटीतून बी आपोआप मोजून पडतं, नळे प्लॅस्टिकचे आहेत, काम झपाट्याने उरकतं, आणि ज्या बायांच्या कमरा वाकून गेल्या त्यांची सुटका झाली. हे चांगलंच झालं. आबांची शेवटची तिफण चुलतभावाच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली होती. गेल्या वर्षी मी तिचं चाडं नळ्यांसकट उतरवून जालन्याला आणलं आणि मोजमापं घ्यायला बसलो. स्टीलची पट्टी, कॅलिपर, ड्रॉइंगचा कागद. तिन्ही भोकांचा व्यास मिलिमीटरला मिलिमीटर सारखा निघाला. आबांकडे मोजायला फक्त बोट होतं.

आई शेजारी खुर्चीवर बसली होती. तिचं वय पंच्याऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला फारसं दिसत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिने या तिफणीमागे पेरलं होतं. मी नळे खाली परातीत सोडले, चाडं तिच्या पुढ्यात धरलं आणि तिच्या मुठीत ज्वारी दिली. तिने मूठ चाड्यावर नेली, बोटं किंचित सैल केली. ज्वारी उतरू लागली. आई मान कलती करून ऐकत राहिली.

“डावा नळा तुंबला,” ती म्हणाली.

मी नळा सोडवून उजेडाकडे धरला. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

“तार घे,” आई म्हणाली, आणि मूठ मिटून थांबली.