रीलवर घरचाच फड! 💃

सातारा-सांगलीकडच्या पोरांचे घरच्यांसोबतचे डान्स रील बघता ना? अंगणात हळद वाळतेय, पोरगं ठेका धरतंय, आई पदर खोचून दोन स्टेप टाकते आणि वडील भलत्याच बीटला हात वर करतात. लोक थांबतात ते त्या चुकलेल्या हातासाठीच! 😄

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. तेव्हा मर्यादा होती फक्त १५ सेकंदांची.

पण घरातल्यांनीच मिळून लोकांना रिझवणं आपल्याकडं जुनंच. सांगलीजवळच्या कवलापूरचा खाडे घराण्याचा तमाशा घ्या: आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा आणि नंतर जुळे भाऊ लहू-अंकुश, म्हणजेच आपले काळू-बाळू! 'जहरी प्याला' या वगातल्या काळू आणि बाळू या हवालदारांच्या भूमिका इतक्या गाजल्या की तीच नावं कायमची चिकटली.

नव्यानं रील करणाऱ्यांनो, फोन उभा धरा, उजेड तोंडावर येऊ द्या, घरच्यांना फार शिकवत बसू नका. आणि आजीला विचारल्याशिवाय पोस्ट टाकू नका!

तुमच्या घरातला हुकमी डान्सर कोण? 👇

#सातारा #सांगली #घरचाफड