तीन वाट्यांतला एक

आमच्या चाळीच्या गॅलरीतून गिरणीची भिंत दिसायची, आतली झाडं दिसायची नाहीत. झाडं होती हे ठाऊक होतं, कारण मे महिन्यात साचेखात्यातून सुटलेले शेजारचे काका डब्याच्या पिशवीत कैऱ्या घेऊन यायचे. आत तळंही होतं म्हणे, इंजिनासाठी पाणी साठवायला खोदलेलं. गिरणगावात हिरवं जे काही होतं त्यातलं बरंचसं असं भिंतीआड. बाहेर आमच्या वाट्याला नरेपार्क, कामगार मैदान आणि चाळीचा चौक. चौकात दोरीवर कपडे वाळत असले की क्रिकेट बंद.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. संपाबद्दल भरपूर लिहून झालंय. मला सांगायचंय ते भिंतीआडच्या जमिनीबद्दल. दादरपासून भायखळ्यापर्यंत, ऐन मुंबईच्या मध्यावर, गिरण्यांची मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन होती. माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा असणाऱ्या शहराला अशी संधी दुसऱ्यांदा मिळत नसते.

आणि गंमत म्हणजे, सरकारला ती दिसली होती. बागांसाठी जागा राखायची सवयही शहराला जुनीच होती. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी करताना पाच बगिच्यांची जागा आधीच राखून ठेवली होती, म्हणून आज तिथे फाइव्ह गार्डन्स आहेत. पुढे १९७७ मध्ये बंद झालेल्या माहीमच्या कचराभूमीवर माती टाकून ३७ एकरांचं निसर्ग उद्यान उभं राहिलं. तेव्हा बाग कशी करावी हे मुंबईला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करायचे: ३३ टक्के महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. दुसरा वाटा म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाचा. गिरणी जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी आणि म्हाडाचा जास्त, पण महापालिकेचे ३३ टक्के कायम. इतका सरळ नियम मुंबईच्या नगररचनेत मला तरी दुसरा आठवत नाही.

त्यात एक फट होती. वाटणी लागू व्हायची ती गिरणी पाडून नवं बांधायला काढलं तर. शेड तशीच ठेवून आत दुसरा धंदा थाटला तर कुणाला काही द्यावं लागत नव्हतं. मग शेडमध्ये ऑफिसं आली, स्टुडिओ आले, फिनिक्समध्ये बोलिंग सुरू झालं. तिथली चिमणी अजून उभी आहे. तिच्या पायथ्याशी पोरं आइस्क्रीम खातात. दहा वर्षांत महापालिकेच्या हाती जमीन आली ती नावापुरती.

याच काळात, १९९६ मध्ये, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अहवाल दिला. त्याचा गाभा साधा होता. प्रत्येक गिरणीतून एकेक तुकडा घेत बसू नका, जमिनी एकत्र धरा, म्हणजे सलग मैदानं निघतील. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांच्या दरम्यान चालणाऱ्यांसाठी ऐसपैस चौक त्यात सुचवला होता. अहवाल कपाटात गेला.

मालक पुढे येत नाहीत, कामगारांची देणी थकलीत, बँका खोळंबल्यात. सरकारची ही अडचण खोटी नव्हती. पण २००१ मध्ये त्यावर जो उतारा काढला, तो नियमातल्या ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांचा अर्थ बदलून. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन आता धरायची नाही. मुळातच जी रिकामी होती तिचेच तीन वाटे करायचे. समजा दहा एकरांची गिरणी आहे, आठ एकरांवर शेड आणि गोदामं, दोन एकर मोकळे. जुन्या नियमाने महापालिकेला सव्वातीन एकरांहून जास्त मिळाले असते. नव्याने मिळणार सव्वीस गुंठे. गिरणी म्हणजे एकाला एक लागून शेड, हे गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

२००५ मध्ये महामंडळाने पाच गिरण्या विकल्या. मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना गेली, कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटींना. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराला माती कशासाठी लागते ते सगळ्यांना कळलं. ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर पाडलेल्या शेडखालची जमीनही मोकळीच, असा निर्णय दिला. चाळीत पेढे वाटले होते. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पेढ्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग टॉवर आले आणि बाग वर गेली. पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांच्या डोक्यावर, हिरवळ. बिल्डरच्या भाषेत तिला ‘आरजी’ म्हणतात, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड. एका नातेवाइकांकडे गेलो असताना मी ती पाहिली. लिफ्टने जायचं, खाली वीतभर माती, तिच्याखाली काँक्रीट. वडाला तिथे मूळ धरायला जागा नाही, म्हणून कुंड्यांत पाम. वॉचमनने विचारलं, कुणाकडे आलात? बागेत बसताना असा प्रश्न मला याआधी कधी कुणी विचारला नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नियमानुसार किमान जेवढी आरजी द्यायची ती जमिनीवरच हवी. खटला होता दादरच्या कोहिनूर मिलच्याच जागेवरच्या इमारतीचा.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पूल जुना होता, अरुंद होता, पाऊस होता, सगळं खरं. पण गिरण्यांच्या जागी ऑफिसं उभी राहिली आणि लाखो माणसं स्टेशनाच्या त्याच जिन्यांवर ओतली गेली. तो १९९६ चा चौक असता तर काय झालं असतं, या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही.

काहीच हाती लागलं नाही असं म्हणणं कोतेपणाचं होईल. इंदू मिलची साडेबारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम निघालं. इकडे तिकडे महापालिकेच्या छोट्या बागा झाल्या. सलग असं मात्र काही नाही. गिरणगावचं उद्यान म्हणून बोट दाखवावं अशी जागा आजही नाही.

आता महालक्ष्मी रेसकोर्सची पाळी आहे. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे येणार, किनारी रस्त्याच्या भरावावरची जागा जोडून तीनशे एकरांच्या घरातलं ‘सेंट्रल पार्क’ होणार, असं २०२४ मध्ये ठरलं. चित्रं सुंदर आहेत. चित्रं गिरण्यांचीही सुंदर होती. या उद्यानाचे कागद तुमच्या हाती लागले तर चित्रांच्या आधी व्याख्यांचं पान उघडा, आणि ‘मोकळी’ म्हणजे काय लिहिलंय ते वाचा.